अक्का, दिसतंय का?

...आणि पहिला प्रश्न काय, तर 'दिसतोय का मी?' अरे बाबा, तू फोन लावलास, मी उचलला, तुझं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा मला चांगला दिसतोय, आणि तू विचारतोस दिसतोय का! बरं, नमस्कार नाही, कसे आहात नाही, चहा झाला का नाही. आधी 'दिसतोय का', मग 'आवाज येतोय का', मग 'थांबा हं, मी खिडकीपाशी जातो', आणि खिडकीपाशी गेला की मागून उजेड येतो आणि माणूस काळा ठिक्कर पडतो. या सगळ्या भानगडीत फोन कशासाठी केला होता तेच विसरायला होतं, मग दोघंही एकमेकांकडे बघून नुसते हसतात, आणि 'बरं, ठेवू का?'... ठेव बाबा, ठेव.

तुम्ही म्हणाल, हा म्हातारा मोबाइलवर खार खाऊन आहे. अजिबात नाही हो. उलट तुम्हाला सांगतो, नाशकातल्या आख्ख्या इंदिरानगरात व्हिडिओ कॉलचा माझ्याएवढा भक्त दुसरा नव्हता. पाटबंधारे खात्यातून रिटायर झालो तेव्हा आमच्या तेजलनं, म्हणजे मुलीनं, हा मोठ्या काचेचा फोन हातात दिला, स्वतः निघून गेली बेंगळुरूला, आणि जाता जाता सांगून गेली, 'बाबा, यात बोट दाबलं की समोरचा माणूस दिसतो.' झालं. मी बोट दाबलं ते दाबलंच. लग्न असो, बारसं असो, कुणाची तब्येत असो, मी घरबसल्या हजर. आमची लता म्हणायची, 'अहो, जाऊन या ना एकदा.' मी म्हणायचो, कशाला? दिसतंय ना सगळं? मग झालं!

मालेगावला आमच्या ऑफिसातले एक सोबती गेले. चांगला माणूस. आता सांत्वनाला जायला हवं होतं, पण माझे गुडघे, तो हायवे, त्यात ऊन... मी केला व्हिडिओ कॉल. त्यांच्या घरी फोन ह्या हातातून त्या हातात फिरला आणि शेवटी कुणाच्या तरी हातात स्थिरावला. एक माणूस मान खाली घालून उभा. मी त्याला म्हटलं, धीर धरा, तुम्हीच खचलात तर घरच्यांनी कुणाकडे बघायचं. चांगला जीव तोडून बोललो. तो प्रत्येक वाक्याला 'हो साहेब, हो साहेब' म्हणत होता, डोळे पुसत होता. आणि शेवटी काय म्हणाला? 'साहेब, खुर्च्या उद्या न्यायला येऊ का परवा?' मंडपवाला होता तो! डोळे पुसत होता ते घामानं. लता स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत होती, ती पदर तोंडात धरून बसली. मी म्हटलं, हसतेस काय, पोहोचल्या ना भावना? दिसतंय ना सगळं? मग झालं!

पण हे सगळं जाऊ द्या. मला सांगायचंय ते माझ्या अक्काचं.

अक्का म्हणजे विठाबाई, माझी थोरली बहीण, राहणार नामपूर. मी शेंडेफळ, म्हणून माझं नाव बारकू. साठी उलटून गेली, डोक्यावर केस उरले नाहीत, ऑफिसात लोक मला साहेब म्हणायचे, पण अक्कासाठी मी बारकूच. आई सकाळी शेतात गेली की मला कडेवर घेऊन फिरणारी ती अक्का. मला शाळेत पहिल्या दिवशी सोडायला ती आली, आणि मी रडतोय म्हणून दिवसभर खिडकीबाहेर उभी राहिली ती पण अक्काच. तिची स्वतःची शाळा तिथंच, त्या खिडकीत झाली म्हणा ना. तर अशी ही अक्का. नवरा गेला, मुलगा रविराज कांद्याच्या मार्केटात एका व्यापाऱ्याकडे, सून अंजली अंगणवाडीत. म्हणजे दिवसभर घरात अक्का एकटी.

आणि दर रविवारी आमचा कॉल. रविराज फोन लावून द्यायचा, डाळीच्या डब्याला टेकवून उभा करायचा आणि आपल्या कामाला निघून जायचा. मग पडद्यावर अक्का. पदर डोक्यावर, कुंकवाच्या जागी गोंदण, आणि हसू असं की फोन उजळून निघेल. मी विचारायचो, 'अक्का, दिसतंय का?' ती म्हणायची, 'दिखस रे भाऊ, समदं दिखस!' आमच्याकडे बागलाणात दिसतंयला दिखस म्हणतात. माझी ती बोली नाशकात राहून पार पुसून गेली, पण अक्का दिखस म्हणाली की कानाला काय गोड लागायचं, काय सांगू तुम्हाला.

मग मी दाखवायला सुटायचो. मला तेवढी हौसच आहे हो. बाल्कनीतला गुलाब दाखव, नवा शर्ट दाखव, तेजलच्या नव्या घराचे फोटो दुसऱ्या फोनवर लावून या फोनसमोर धर. अक्का सगळ्याला म्हणायची, 'बेस शे.' म्हणजे छान आहे. गुलाब बेस, शर्ट बेस, बेंगळुरू बेस. एकदा चुकून फोनचा कॅमेरा मागचा करायचा राहिला आणि मी गुलाब म्हणून माझी हनुवटी दाखवत होतो, तरी ती म्हणाली, 'बेस फुलेल शे.' मला वाटलं, अक्का चेष्टा करतेय. मी हसलो, ती पण हसली.

दिवाळीच्या आधी आम्ही हॉल रंगवायला काढला. रंगवाल्यानं भिंतीवर दोन पट्टे मारून दाखवले, एक फिकट पिवळा आणि दुसरा म्हणजे... वांग्याचा असतो ना, तो. लता म्हणाली पिवळा. मी म्हटलं, थांब, अक्काला विचारू, तिची नजर फार चांगली. लावला फोन, धरला भिंतीसमोर. अक्का, दिसतंय का? 'दिखस ना.' पहिला का दुसरा? अक्कानं मान इकडे केली, मान तिकडे केली, चांगला विचार केला आणि म्हणाली, 'दुसरा.' आता मोठ्या बहिणीनं एवढा विचार करून सांगितल्यावर मी काय करणार? आमचा आख्खा हॉल वांग्याच्या रंगाचा झाला. पाहुणे येतात, दारात थबकतात आणि 'वा... वेगळाच आहे' म्हणतात. लता त्या दिवसापासून टीव्ही बेडरूममध्ये बघते.

तर असं छान चाललेलं, आणि माझा फोन पडला. भाजी घेताना हातातून निसटला आणि काच अशी फुटली की नुसतं जाळं. दुरुस्तीवाला म्हणाला, काच मागवावी लागेल. मग रविवार उजाडला. सकाळपासून मला काही सुधरेना. आंघोळ झाली, पेपर झाला, मी उगाच घरभर फिरतोय. लताच्या साध्या फोनवरून अक्काशी बोललो, पण तुम्हाला सांगतो, चेहरा बघायची सवय लागली की नुसत्या आवाजावर भागत नाही. लता कणीक मळत होती, ती वरही न बघता म्हणाली, 'एवढं आहे तर उठून जा ना नामपूरला. फोन फुटलाय, पाय फुटलेत का?'

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं बघा! माणसाला भेटायला जाता येतं हे मी विसरून गेलो होतो. सोमवारी सकाळी ठक्कर बाजार स्टँडवरून सटाण्याची गाडी पकडली, सटाण्याहून नामपूर. अक्काला कळवलं नाही. म्हटलं, अचानक दारात उभं राहायचं आणि तिचा चेहरा बघायचा. प्रत्यक्ष. डब्याला न टेकवलेला.

पोहोचलो तेव्हा ऊन वर आलं होतं. अक्का ओट्यावर बसलेली, पुढ्यात सुपात शेंगा, शेंगा फोडत होती. मी तिच्या पुढ्यात जाऊन उभा राहिलो. हातात पिशवी, तोंडभर हसू, म्हटलं आता ओरडेल, 'अरे बारकू!' आणि सूप बाजूला टाकून उठेल. तिनं मान वर केली. सरळ माझ्याकडे बघितलं. भर उन्हात, दोन हातांवरून.

आणि म्हणाली, 'कोन शे?'

मला वाटलं, गंमत करतेय. मी तसाच हसत उभा. ती परत म्हणाली, जरा परक्या माणसाशी बोलावं तशी, 'रविराज घर नही. मार्केटमा शे. सांजले या.' आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलंय, साहेबांचं, बायकोचं, मुलीचं... पण ते 'सांजले या' जे आहे ना, ते अजून इथं आहे. इथं. मी म्हटलं, 'अक्का, मी.' एवढंच. तिचे हात थांबले. शेंग तशीच बोटांत. 'बारकू?' म्हणाली आणि हात पुढे केला. आणि तो हात माझ्याकडे नाही आला हो. माझ्या बाजूनं, हवेत गेला. मी जिथं नव्हतो तिथं तो मला शोधत होता. मग मी सरकलो. मला सरकावं लागलं तिच्या हातापर्यंत. तिनं माझं तोंड चाचपलं, कान, टक्कल, हनुवटी, सगळं. आणि हसायला लागली. तेच हसू. फोनमधलं.

घरात गेलो. चहा टाकते म्हणाली. मी नको म्हटलं, ऐकेना. मग मी बघत बसलो. भिंतीला हात लावत गेली, चुलीपाशी नाही, गॅसपाशी, बरोबर डावीकडचा डबा साखरेचा, त्याच्या शेजारचा पत्तीचा. चहा उकळला का हे बघत नव्हती, ऐकत होती. कान लावून उभी. आणि ओतताना कपाच्या कडेवर आतून बोट ठेवलं, बोटाला चटका बसला की थांबायचं. बोटाचं टोक पार लाल झालेलं. जुनं, रोजचं लाल. आता मला सांगा, हे कुठं दिसतं हो फोनमध्ये? फोनमध्ये अक्का नुसती बसलेली असायची! बसलेल्या माणसाचं काय कळतं? चालताना कळतं, उठताना कळतं, चहा ओतताना कळतं. आणि मी रविवारच्या रविवार मान डोलवत बसलेलो, दिसतंय ना सगळं? मग झालं म्हणून!

मी विचारलं, 'अक्का, तुला दिसत नाही?'

'दिखस ना,' ती म्हणाली. 'उजेड दिखस.'

उजेड! कधीपासून, तर धड सांगेना. आधी धुकं आल्यासारखं झालं, मग वाढत गेलं. आधी सुईत दोरा जाईना, मग तांदळातला खडा दिसेना, मग माणसं नुसती सावल्या झाली. घरात सवयीनं निभत होतं. अंजलीला शंका आली होती, तिनं दोनदा म्हटलं, आई, डोळे दाखवू या. ही म्हणाली, वय झालं की एवढं असतंच. पोरीनं तरी किती मागं लागायचं? सकाळी अंगणवाडी, दुपारी घर, ती पण बिचारी दमते.

मी म्हटलं, 'अगं, मग माझा गुलाब? शर्ट? त्या भिंतीचे दोन रंग?' अक्का जरा ओशाळली. पदराशी चाळा करत म्हणाली, 'तू इतला हौसमा दखाडस. मी नही कसं म्हनू?'

म्हणजे मी एवढ्या हौसेनं दाखवतोय, तर तिनं नाही कसं म्हणावं! तुम्हाला सांगतो, मला हसू आलं की रडू, मलाच कळेना. आमचा हॉल वांग्याच्या रंगाचा झाला तो भावाचं मन मोडू नये म्हणून. मी विचारलं, 'मग तुला काय दिसायचं फोनवर?' तर म्हणाली, आवाज आला की तू दिसायचास की. कसा दिसायचो? 'चड्डी घालेल,' म्हणाली. चड्डी घातलेला! मी इकडे इस्त्रीचा शर्ट घालून, कॅमेरा साधून, टकलावर उजेड पडू नये म्हणून खुर्ची सरकवून बसायचो, आणि तिला तिकडे चड्डीतला बारकू दिसत होता.

संध्याकाळी रविराज आला. मला एकदम राग आला होता, खोटं कशाला बोलू. मी त्याला म्हटलं, अरे, आई आंधळी व्हायची वेळ आली आणि तुम्हाला पत्ता नाही? तो पोरगा शांत आहे. त्यानं टोपी काढली, खुंटीला लावली आणि म्हणाला, 'मामा, मी पहाटे जातो, अंधारात येतो. तुम्ही तर दर रविवारी तिच्या तोंडाकडेच बघत होता ना? तुम्हाला नाही दिसलं?'

मी चहाचा रिकामा कप उचलला आणि मोरीत ठेवून आलो.

बरं, उपाय काही अवघड नव्हता. मोतीबिंदूच असणार, ऑपरेशन होतं, लोक दुसऱ्या दिवशी घरी येतात. मी सांगितलं, अंजलीनं सांगितलं, रविराजनं सांगितलं. अक्का नाही म्हणजे नाही. कारण आमची आई. आईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं फार पूर्वी, आणि तो डोळा गेला. अक्का तेव्हा आईजवळ होती. आई रात्रंदिवस कशी कण्हली ते तिनं ऐकलं होतं. मी लहान, मला काही आठवत नाही. 'शे तो उजेड ऱ्हाऊ दे,' ती म्हणाली. 'तो बी गया तं?' आहे तो उजेड राहू दे, तोही गेला तर काय करू. मी रविराजच्या फोनवरून तेजलला फोन लावला, तिनं व्हिडिओवर अक्काला समजावलं, आताचं तंत्र कसं, दुर्बिणीतून कसं, टाका नाही, दुखणं नाही. अक्का फोनकडे तोंड करून सगळ्याला 'हा, हा' म्हणाली. तेजल खूश, 'बाबा, आत्या तयार झाली!' फोन ठेवल्यावर अक्का मला म्हणाली, 'पोर लई हुशार शे. पन मी येनार नही.'

मग मी बोलणंच सोडलं. खरं सांगतो, सुचेना म्हणून सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही ओट्यावर बसलो. ती शेंगा फोडतेय, मी पण एक मूठ घेतली. ती गप्प, मी गप्प. गल्लीतून कांद्याचा एक ट्रॅक्टर गेला, धूळ उडाली, खाली बसली. कुणाची तरी शेळी येऊन टरफलं खाऊन गेली. आम्ही आपले गप्प.

आता हे बघा, मी मघाशी काय म्हणत होतो... हां. फोनवर असं गप्प बसता येतं का हो? दोन क्षण कुणी बोललं नाही की लगेच, हॅलो? हॅलो? कट झाला का? अडकला का? हलत का नाहीस? व्हिडिओवर गप्प बसलेला माणूस म्हणजे बिघाड! तिथं सारखं बोलावंच लागतं, म्हणून माणूस गुलाब दाखवतो, भिंत दाखवतो, काय वाट्टेल ते दाखवतो. आणि जे बोलायचं असतं ते तर गप्प बसल्यावरच वर येतं ना?

सूप निम्मं झालं असेल. अक्का एकदम म्हणाली, माझ्याकडे न वळता, 'दुखस का रे?'

मी म्हटलं, 'नाही म्हणतात. मला माहीत नाही अक्का. मी कुठं केलंय?'

तिनं चार शेंगा फोडल्या. मग म्हणाली, 'तू मना जोडे ऱ्हाशी?'

तू माझ्याजवळ राहशील का. एवढंच तिचं होतं. तिला तंत्र नको होतं, दुर्बीण नको होती. मी म्हटलं, 'राहीन. दारापर्यंत हात धरून येईन. आतही येऊ दिलं तर आत येईन.' ती म्हणाली, 'मंग चाल.' आणि उठून दाणे डब्यात भरायला गेली. भिंतीला हात लावत.

नाशकात आणलं तिला. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, म्हणाल्या, दोन्हीकडे मोतीबिंदू पूर्ण पिकलाय, अजून थांबला असतात तर डोळ्यावरचा दाब वाढून फार अवघड झालं असतं. त्या म्हणाल्या, 'कुणाच्या लक्षात आलं?' मी म्हटलं, फोन फुटला म्हणून लक्षात आलं. त्यांना वाटलं, मी भीतीनं भरकटलोय. त्यांनी मलाच पाणी दिलं.

आत नेईपर्यंत अक्कानं माझा हात असा धरला होता की बोटं पांढरी पडली. दार लागलं. मी बाहेर बसलो, लता शेजारी. लतानं माझी बोटं चोळून दिली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची. मी पहाटे उठून दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, म्हटलं पहिला चेहरा माझा दिसणार. पट्टी निघाली. अक्कानं डोळ्याची उघडझाप केली, पाणी आलं, पुसलं. खिडकीकडे बघितलं, डॉक्टरीणबाईंकडे बघितलं, स्वतःच्या हातांकडे उलटसुलट करून बघितलं. मग माझ्याकडे. बराच वेळ बघितलं. मी छाती काढून उभा. तिचा चेहरा हळूहळू असा पडत गेला, आणि ती लताकडे वळून म्हणाली, 'हाऊ म्हातारा कोन शे?'

लता हसून खाली बसली. मग अक्काही हसली, आणि हसता हसता रडली, डॉक्टरीणबाई म्हणतायत रडू नका, रडू नका, डोळ्याला त्रास होईल... आणि मी? मी जरा बाहेर जाऊन आलो.

घरी आणलं तर हॉलच्या दारात थबकली. भिंतीकडे बघितलं. मी म्हटलं, बोलू नकोस अक्का, तूच निवडलायस. ती म्हणाली, 'हाऊ? मी?' आणि लताचा हात धरून, 'माले माफ कर माय.' त्या दिवशी आमच्या घरात इतक्या महिन्यांनी त्या रंगावर भांडण न होता सगळे जेवले. पुढे दुसऱ्या डोळ्याचंही झालं. अक्का आमच्याकडे राहिली आणि तुम्हाला सांगतो, तिला जे दिसायला लागलं, जे दिसायला लागलं... कपाटावरची धूळ, लताचे सुजलेले पाय, माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण. लताच्या पायांचं मला कुठं माहीत होतं? रोज समोर असून! तर म्हणजे समोर असलं तरी दिसतंच असंही नाही. हे पण आहे.

आणि मग माझ्यावर नजर गेली. रोज सकाळी मी पेपर वाचतो, तर अक्का बघत बसायची. एक दिवस मी पाणी ओतत होतो, ते ग्लासच्या शेजारी ओतलं. जरासं हो! टेबल ओलं झालं, एवढंच. अक्का म्हणाली, 'बारकू, तुले दिखत नही.' मी म्हटलं, छे, उजेड कमी आहे. ती म्हणाली, मी पण असंच म्हणायची. मी म्हटलं, चष्म्याचा नंबर बदलला असेल. ती म्हणाली, 'चाल.' माझा हात धरून बाहेर काढलं, लतानं रिक्षा थांबवली, दोघींनी मला मध्ये बसवलं आणि थेट त्याच डॉक्टरीणबाईंपुढे. त्यांनी दिवा मारला आणि म्हणाल्या, 'काका, तुमच्याही आहे की. उजवा काढून टाकू या.' काढून टाकू या, म्हणजे मोतीबिंदू, पण मला तेवढं कळेपर्यंत मी दारापर्यंत पोहोचलो होतो ना!

मी तेजलला विचारलं, हे लांबून, फोनवरून वगैरे करत नाहीत का. ती म्हणाली, बाबा, प्लीज. अक्का मधे नामपूरला परत गेली होती, मी तिला फोनवर म्हटलं, तू कशाला येतेस एवढ्या लांब, धावपळ करून, लता आहे इथं. तर म्हणाली, लता बाहेरचं बघेल, तुझ्याजवळ मी बसते. सकाळच्या गाडीनं येते, दार उघडं ठेव. आणि आलीच.

तर उद्या आहे माझं ऑपरेशन. भीती नाही वाटत... म्हणजे वाटते, पण अक्का असणार, तर ठीक आहे. फक्त तिनं एक अट घातलीय. डोळा बरा होईपर्यंत बारकूनं तोंड उघडायचं नाही, एक अक्षर बोलायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं काही गरजेचं नाही, थोडं बोललं तरी चालतं. तर अक्का म्हणाली, 'थोडं तेले जमत नही.' आणि आमची लता, जी मला आयुष्यात कधी अनुमोदन देत नाही, ती म्हणाली, 'बरोबर आहे अक्कांचं.'

म्हणून म्हटलं, आजच काय ते बोलून घ्यावं.